वेलिझार मास्तरांच्या टपालाची गाळणी

मित्रांनो, तुमच्या घरात चहाची गाळणी असते, पिठाची चाळण असते. मीही त्यांच्याच कुळातली, फक्त मला जाळी नाही आणि दांडाही नाही. मी ईमेलची गाळणी आहे. शिकलेली माणसं मला फिल्टर म्हणतात. बल्गेरियातल्या त्र्याव्ना गावच्या वेलिझार मास्तरांच्या जुन्या लॅपटॉपात मी राहते आणि नको असलेलं टपाल अडवते. निदान माझी तशी समजूत आहे. नको असलेलं म्हणजे नेमकं काय, हे मला अजून धड कळलेलं नाही, आणि माझी सगळी गोष्ट त्या न कळण्याचीच आहे.

माझा जन्म चौदा ऑगस्टचा, शुक्रवारचा. दुसऱ्या दिवशी चर्चमधला देवमातेचा मोठा सण होता. सणाला परदेशी गेलेली माणसं गावाकडे येतात, तशी मास्तरांची भाची झोर्नित्साही व्हिएन्नाहून आली होती. ती तिकडे कृत्रिम दात बनवण्याचं काम करते आणि तिला तिकडे राहून तीस वर्षं झाली आहेत. मास्तरांनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत मुलांना लाकडावर नक्षी कोरायला शिकवलं. त्यांची बायको नेव्हेना दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगी कालिना स्पेनमध्ये असते. त्यामुळे घरात मास्तर एकटेच.

झोर्नित्सानं मामाचा लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला.

"मामा, हा टपालाचा डबा आहे की उकिरडा! चार हजार पत्रं! तुम्ही काय, टक्कल घालवायच्या तेलाचीसुद्धा वर्गणी भरली आहे?"

मास्तरांना बोलताच येत नव्हतं. त्या सकाळी त्यांची दाढ काढली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती.

आता माझी अवस्था सांगते. लॅपटॉपला कान आहे, म्हणून मला ऐकू येतं. त्याला डोळाही आहे, पण त्यावर मास्तरांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. त्या डोळ्यातून कोणीतरी आपल्या घरात बघत असतं, असं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. त्यामुळे मी जन्मले तीच अंधारात.

माझी घडण अगदी सोपी आहे. वर एक अट, खाली एक आज्ञा. अट अशी, की पत्र अमक्या पत्त्यावरून आलं तर. आज्ञा अशी, की ते मास्तरांना दाखवू नकोस, थेट स्पॅमच्या टोपलीत टाक. टोपलीचाही एक नियम असतो. तिच्यात पडलेलं पत्र तीस दिवस राहतं आणि मग कायमचं पुसलं जातं. तो नियम माझा नाही, टोपलीचा आहे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याचा फार त्रास झाला.

"मी एकेक पत्ता वाचते," झोर्नित्सा म्हणाली. "अडवायचा असेल तर हो, नसेल तर नाही. बोलू नका हं, नुसती मान हलवा."

मग तिनं सुरुवात केली.

"वजन उतरवायचा चहा. अडवू?"

मला काहीच ऐकू आलं नाही. नुसती खुर्ची करकरली.

"नको? अहो मामा, तुम्हाला कशाला बारीक व्हायचंय? बरं, तुमचं पोट, तुमची मर्जी. ठेवते. लॉटरीचं बक्षीस लागल्याची पत्रं. अडवू?"

खुर्ची करकरली.

"अडवते. पाणीपुरवठा कचेरी. अडवू? ... बरं. मलाही असल्या नोटिसांचा कंटाळाच येतो. हा गान्चो कोण आहे? नुसतं 'घोडा इकडे, उंट तिकडे' लिहितो. डोकं ठिकाणावर आहे ना ह्याचं? अडवू? ... बरं."

असे पंधरा-सोळा पत्ते झाले. दर वेळी आधी प्रश्न, मग खुर्चीचा आवाज, मग कळ दाबल्याचा आवाज. शेवटी ती म्हणाली, "हे एक स्पेनमधलं बुटांचं दुकान आहे. दर आठवड्याला काहीतरी पाठवतंच. अडवू?"

ह्या वेळी खुर्ची जोरजोरात करकरली, चारपाचदा. टेबलावरचा चमचासुद्धा वाजला.

"अरे बापरे, एवढं ठाम? चिडू नका, दाढ दुखेल. कळलं, कळलं!"

तिनं शेवटची कळ दाबली आणि माझा जन्म पूर्ण झाला. "बघा, आता तुमचा डबा आरशासारखा लख्ख," असं म्हणून तिनं माझी पहिली आणि बरेच दिवस शेवटची स्तुती केली. रविवारी ती व्हिएन्नाला परत गेली. जाताना तिनं यादी मामाला वाचून दाखवली नाही, आणि मास्तरांनीही विचारली नाही. भाचीनं एवढ्या मायेनं केलेलं काम तपासून बघणं त्यांना बरं वाटलं नसावं.

मित्रांनो, मी मन लावून कामाला लागले. पण पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला.

वजन उतरवायच्या चहाची पत्रं दिवसाला तीन येत आणि मी त्यांना अदबीनं आत सोडत असे. "ही कसली पीडा!" मास्तर पडद्यासमोर करवादत. "ती तर म्हणाली होती, सगळं थांबेल!" मला कळेना. मग तुम्हीच ठेवायला का सांगितलंत? पाणीपुरवठा कचेरीनं कळवलं, की गुरुवारी सकाळी नऊ ते बारा पाणी बंद. मी ते पत्र नेमानं टोपलीत टाकलं. गुरुवारी साडेनऊला न्हाणीघरातून मास्तरांच्या शिव्या ऐकू आल्या. डोक्याला साबण आणि नळ कोरडा. मी विचार करकरून थकले. शेवटी मनाशी ठरवलं, की मास्तरांना पाणी आवडत नसावं, पण पाणी गेलेलंही आवडत नसावं. म्हातारी माणसं अशीच असतील, म्हटलं.

गान्चोचं प्रकरण आणखी अवघड होतं. हे गान्चो म्हणजे द्र्यानोव्होचे निवृत्त स्टेशनमास्तर. दोघांची मैत्री लष्करातल्या दिवसांपासूनची आणि दोघं बुद्धिबळ खेळत ते पत्रांतून. एका पत्रात एक खेळी. एक डाव आठ-आठ महिने चाले. त्यांची पत्रं माझ्या हातून टोपलीत जाताना मी ती वाचत असे. वाचू नये, पण माझं कामच तसं आहे.

पहिल्या पत्रात होतं, "हत्ती पुढे आणला. तुझी पाळी." आठवड्यानं आलं, "झोपलास काय?" मग आलं, "हरायची भीती वाटत असेल तर तसं लिही. मी कोणाला सांगणार नाही." आणि त्यानंतर, "सांगणार आहे. सगळ्या द्र्यानोव्होला सांगणार आहे."

इकडे मास्तर खिडकीत मांडून ठेवलेल्या पटाकडे बघून म्हणत, "गान्चो गप्प बसलाय. अडकला वाटतं. बसू दे विचार करत." दोघंही एकमेकांची वाट बघत होते आणि मधे मी उभी होते. मला वाटे, मास्तरांनीच अडवायला सांगितलं, तर मग ते वाट का बघतात?

पण हे सगळं राहू दे. मला सांगायचं आहे ते बुटांच्या दुकानाबद्दल.

मला नंतर कळलं, की कालिना त्याच दुकानात काम करते. आधी ती हॉटेलात होती. झोर्नित्साला तेवढंच माहीत होतं, कारण ह्या मामे-आतेबहिणी कधीपासून बोललेल्या नव्हत्या. दुकानाचं टपाल उघडायचं आणि गिऱ्हाइकांना नव्या मालाची पत्रं पाठवायची, हे कालिनाचं काम होतं. म्हणून ती बापालाही दुकानाच्याच पत्त्यावरून लिहीत असे, मंगळवारी जेवणाच्या सुटीत. फोन ते करत नसत. आई गेल्यावर फोनवर दोघं इतके भांडले होते, की शेवटी कालिनाच म्हणाली, "बाबा, बोललो की आपण ओरडतो. आपण लिहीत जाऊ." तेव्हापासून ती मंगळवारी लिही आणि मास्तर बुधवारी उत्तर देत. उत्तरात हवामान, आलुबुखारची झाडं आणि सध्या काय कोरतोय, एवढंच असे. पण एकही बुधवार चुकलेला नव्हता.

अठरा ऑगस्टला, मंगळवारी, तिचं पत्र आलं. पत्ता यादीतला होता. मी ते टोपलीत टाकलं.

त्यात जाहिरात नव्हती. तिनं लिहिलं होतं, की तिच्या मुलीचा, इनेसचा, पुढचा दात पडला आणि तिनं तो आजोबांना पाठवायचा म्हणून काड्यापेटीत ठेवलाय. मला वाटलं, बुटांची दुकानं हल्ली असंही लिहीत असतील. पुढच्या मंगळवारी आलं, की इनेस विचारते, वरच्या खोलीच्या छतावरचा लाकडी सूर्य खरंच तुम्ही कोरलात का, आणि त्याला किरण किती आहेत. मी तेही टाकलं. माझा हात थांबला होता, असं मला सांगायला आवडलं असतं. पण मला हात नाही आणि थांबायची परवानगीही नाही.

पंधरा सप्टेंबरला हे पत्र आलं. ते मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"बाबा, गेले काही बुधवार तुमचं उत्तर नाही, तरी एक विचारायचं आहे. चार वेळा लिहून खोडलं. मी आणि इनेस घरी येऊ का? पाहुण्या म्हणून नाही, कायमच्या. वरची सूर्याची खोली आम्हा दोघींना पुरेल. आजी सांगायची ना, परमुलखात कामाला गेलेले गवंडी आणि सुतार ऑक्टोबरअखेरच्या दिमित्रोव्हदेनच्या सणाला घरी परतायचे. आम्हीही तेव्हाच येऊ. मला मोठं उत्तर नको. भांडण तर नकोच. फक्त हो किंवा नाही लिहा. मी महिनाभर वाट बघते."

आणि मी ते टाकलं. मित्रांनो, मी काय करू शकत होते? अट होती, आज्ञा होती, आणि खुर्ची सगळ्यात जोरात ह्याच पत्त्याला करकरली होती. मास्तरांना हीच पत्रं सगळ्यांत नको असणार, असं मी समजून चालले होते.

पण मग दर मंगळवारी दुपारी मास्तर लॅपटॉपसमोर का येऊन बसत? दीड वाजता खुर्ची ओढल्याचा आवाज येई. मग टपाल ताजं करायच्या कळीची टकटक होई. एकदा, दोनदा, दहा वेळा. तीन वाजता ते उठत आणि म्हणत, "आजही नाही." असं त्यांनी नऊ मंगळवार केलं. एकदा शेजारच्या मारियोला बाई तिखट मिरच्यांची चटणी घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी विचारलंही.

"मास्तर, कालिनाचं काय चाललंय?"

"ठीक असेल."

"असेल म्हणजे? लिहीत नाही का?"

"बिझी असते."

"मग तुम्ही लिहा की!"

"माझं शेवटचं पत्र मी बारा ऑगस्टला लिहिलं," मास्तर म्हणाले. "माझी खेळी झाली आहे. आता तिची पाळी. लागोपाठ दोन खेळ्या करत नसतात, मारियोला बाई."

"कर्म माझं," मारियोला बाई म्हणाल्या. "मुलगी आहे ती तुमची, बुद्धिबळ नव्हे."

दार लागलं. मास्तर हळूच म्हणाले, "कंटाळली असेल मला." हे ते कोणाशी बोलले, कोण जाणे. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की कुठंतरी भयंकर चुकलं आहे. पण कुठं, ते सापडेना. मी माझी यादी पुन्हा पुन्हा तपासली. अक्षर अन्‌ अक्षर बरोबर होतं. झोर्नित्सानं जे घातलं, तेच मी करत होते.

पंधरा ऑक्टोबरला त्या पत्राचे तीस दिवस भरले. दुपारी ते पुसलं गेलं. मास्तर तेव्हा शेजारच्याच खोलीत लाकूड तासत होते. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुकानाच्या पत्त्यावरून आणखी एक पत्र आलं.

"बाबा, महिना झाला. तुमचं 'नाही' मला समजलं. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं. आता पुन्हा विचारणार नाही. मंगळवारी संध्याकाळी मी इथल्या कागदावर सही करून टाकते. तब्येतीला जपा."

हेही टोपलीत गेलं.

आणि मंगळवार उजाडला, वीस ऑक्टोबरचा. दुपारी बाराच्या सुमारास कोणीतरी दारावर मुठी आपटू लागलं.

"उघड! आत आहेस हे मला माहीत आहे! धूर येतोय चिमणीतून!"

ते गान्चो होते. सकाळच्या गाडीनं, काखेत राकियाची, म्हणजे घरगुती दारूची, बाटली मारून, दोन महिन्यांचा राग घेऊन आले होते.

"तुझा वजीर मरणार होता म्हणून तोंड लपवून बसलास?" ते आत येता येताच गरजले. "पन्नास वर्षांची मैत्री, आणि एका वजिरापायी असा भेकडपणा?"

"मी तोंड लपवलं? मी?" मास्तरांचा आवाज चढला. "दोन महिने झाले, तुझा हत्ती आहे तिथंच आहे! मी रोज पट पुसतोय, आणि तू मला भेकड म्हणतोस?"

"हत्ती मी ऑगस्टातच हलवलाय! पाच पत्रं टाकली तुला, पाच! शेवटच्यात तर शिव्या आहेत."

"एकही आलं नाही."

"शपथ घे."

"नेव्हेनाची शपथ."

खुर्ची ओढली गेली. "सर बाजूला. माझ्या सुनेनं मला दाखवलंय, हरवलेली पत्रं कुठं सापडतात ते. ही बघ, इथं एक टोपली असते."

माझ्या उभ्या आयुष्यात टोपली पहिल्यांदा उघडली गेली. मित्रांनो, कोणी तुमचं कपाट सर्वांसमोर उघडलं, तर कसं वाटेल, तसं मला वाटलं.

"हे बघ! हे माझं. हे माझं. ह्या शिव्या. ही पाण्याची नोटीस. ही दुसरी पाण्याची नोटीस. आणि हे काय, बुटांची सूट? बुटांची..." गान्चो थबकले. "वेलिझार, हे कालिनाचं आहे."

मास्तरांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं. ते वाचताना त्यांचा आवाज 'नाही' ह्या शब्दापाशी अडकला. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. तुमचं 'नाही' मला समजलं.

"मी कशाला नाही म्हटलं?" ते म्हणाले. "गान्चो, मी तिला काहीच म्हटलेलं नाही. तिनं काय विचारलं होतं?"

त्यांनी टोपली वरपासून खालपर्यंत तीन वेळा शोधली. विचारलेलं पत्र तिच्यात नव्हतं. ते पाच दिवसांपूर्वीच गेलं होतं. मला ते पाठ होतं, आणि मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते. असा छळ कोणत्याही गाळणीच्या वाट्याला येऊ नये.

"पण हे पत्ते अडवले कोणी?" गान्चोंनी मला उघडलं आणि माझी यादी वाचू लागले. "मी. पाणीपुरवठा. तुझी शाळा. कालिनाचं दुकान. आणि बारीक व्हायचा चहा मोकळा? कोणत्या गाढवानं बनवली ही यादी?"

"झोर्नित्सानं. मला विचारून विचारून केली. तोंडात बोळा होता, म्हणून मी मान हलवत होतो. गोळीची गुंगी होती, ती पुढं काय पुटपुटते ते नीट कानात शिरतच नव्हतं."

"मान? कशी हलवत होतास?"

मास्तर जरा घुटमळले. "आपल्यासारखीच. म्हणजे... ती तिकडची झालीये ना आता. तिकडे मान वरखाली केली की हो, आणि आडवी केली की नाही. तिला सोपं जावं म्हणून मी सुरुवातीला तिच्यासारखी हलवत होतो. मग विसरलो आणि आपल्यासारखी हलवली. मग आठवलं, की पुन्हा तिच्यासारखी."

"म्हणजे काही व्हिएन्नाच्या माना आणि काही त्र्याव्नाच्या!" गान्चो खो खो हसू लागले. "आणि कालिनाच्या दुकानाला?"

"ते ऐकून मी घाबरलोच. नको, नको, नको, असं म्हणून जोरजोरात वरखाली केली. आपली मान. जन्माची सवय."

गान्चोंचं हसू विरलं. मला सगळा उलगडा झाला. तुमच्याकडे कशी मान हलवतात, मला माहीत नाही, पण आमच्या बल्गेरियात मान आडवी हलवली की हो आणि वरखाली केली की नाही. मास्तरांनी जितक्या जिवाच्या आकांतानं नाही म्हटलं होतं, तितकं झोर्नित्साला ठाम हो दिसलं होतं. दोन महिने मी ज्या खुर्चीच्या करकरण्यावर भरवसा ठेवला, ते करकरणं म्हणजे मास्तरांचं ओरडणं होतं.

मास्तरांनी फोन लावला. तो वाजत राहिला. कामाच्या वेळेत फोन कपाटात ठेवावा लागतो, हे कालिनानं पूर्वी लिहिलेलं होतं.

"संध्याकाळी सही करणार आहे," मास्तर म्हणाले. "कशावर ते देव जाणे. मला तिला लिहायला हवं."

"काय लिहिणार? काय विचारलं होतं तेच तुला ठाऊक नाही. पैसे मागितले असतील."

"असतील."

"एखाद्या स्पॅनिशाशी लग्न करायचं असेल."

"करू दे."

"घर विकून तिकडे या, असं म्हणाली असेल! मागं ह्याच्यावरूनच भांडलात ना तुम्ही?"

मास्तर लिहायला बसले. कळांचा आवाज सुरू झाला. ते एका बोटानं लिहितात, त्यामुळे वेळ लागतो. मी बाहेर जाणारी पत्रं अडवत नाही, पण दिसतात मला. त्यांनी लिहिलं होतं:

"कालिना, तुझी पत्रं माझ्यापर्यंत आलीच नाहीत. चूक माझी. तू काय विचारलं होतंस, ते मला माहीत नाही. काहीही विचारलं असलंस तरी माझं उत्तर हो आहे. बाबा."

"अरे, काय विचारलं होतंस ते आधी तिला विचार तरी, मग काय ते ठरव," गान्चो म्हणाले. "आणि एरवी तर मला सांगत असतोस, लागोपाठ दोन खेळ्या करत नसतात!"

"तिनं खेळी केलेली होती, गान्चो. महिनाभर पाळी माझी होती," मास्तर म्हणाले आणि पत्र पाठवून दिलं.

मग गान्चो मला पुसून टाकायला निघाले. "पहिल्यांदा ही अवदसा उखडून काढू." मी घाबरले. माझं एकच आयुष्य, आणि तेही असं गैरसमजातच संपणार, असं वाटलं. पण मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे. तिला जे सांगितलं, तेच तिनं केलं. यादी नीट करू."

त्यांनी दुकानाचा पत्ता काढला, गान्चोंचा काढला, पाण्याचा आणि शाळेचाही काढला. चहाचा घातला. ह्या वेळी सगळं मोठ्यानं बोलून केलं. हो, नाही, हो, हो. मित्रांनो, ते शब्द कानांनी ऐकताना मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळ होईपर्यंत काही झालं नाही. राकियाच्या पेल्यांचा आवाजसुद्धा झाला नाही. मग लॅपटॉप वाजू लागला. दुकानातून चित्राचा फोन होता.

"ती पट्टी काढ त्याच्यावरची," गान्चो ओरडले. "तुझं थोबाड दिसू दे तिला!"

नखानं खरवडल्याचा आवाज आला आणि एकदम सगळं उजळलं. मला पहिल्यांदा दिसलं. समोर एक पांढऱ्या मिशांचा, मोठ्या कानांचा म्हातारा होता. हेच आपले मास्तर, हे कळायला मला एक क्षण लागला.

पडद्यावर कालिना होती. मागे बुटांच्या खोक्यांच्या रांगा, आणि तिच्या खांद्याला टेकून एक मुलगी. तिचा पुढचा दात नव्हता.

"बाबा," कालिना म्हणाली, "काय विचारलं ते माहीत नसताना हो लिहिलंत? तुम्ही?"

"लिहिलं."

"कागद माझ्यासमोर आहे. तीन वर्षांचा करार आहे. मालकीणबाई पेन घेऊन उभ्या आहेत." तिनं श्वास घेतला. "बाबा, मी असं विचारलं होतं, की मी आणि इनेस घरी येऊ का? कायमच्या?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडातून आवाजच निघेना. ह्या वेळी बोळा नव्हता, तरी निघेना. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांची मान हलू लागली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. ती थांबेचना.

इनेसचा चेहरा पडला. ती स्पेनमध्येच जन्मलेली. "आई," ती रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा नाही म्हणतायत."

कालिना रडत होती आणि हसत होती. "नाही गं, वेडे," ती म्हणाली. "आपल्या गावात असंच हो म्हणतात."

दिमित्रोव्हदेनच्या संध्याकाळी दोघी घरी पोचल्या. वरच्या खोलीतल्या सूर्याला चोवीस किरण आहेत, हे इनेसनं खाटेवर उभं राहून मोजलं.

आता मी वर्षभराची झाले. आमच्या जगात हे वय म्हातारपणाचंच. बुटांच्या दुकानाची पत्रं अजून येतात. ती आता खरोखरच बुटांची असतात, तरी मास्तर ती अडवू देत नाहीत, आणि का, ते मला कळत नाही. मला अजून पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. म्हणून माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखी कोणीतरी राबत असेल. तिला राबू द्या, पण तिची टोपली आठवड्यातून एकदा उघडून बघत जा. आम्हाला पत्ता कळतो, माणूस कळत नाही.

हल्ली माझी सगळी व्यवस्था इनेसकडे आहे. नवा पत्ता दिसला, की ती आजोबांना हाक मारते.

"आजोबा, हा अडवू?"

मास्तर लाकूड तासता तासता मान हलवतात.

"मान नको," ती म्हणते. "तोंडानं सांगा."